उशिरा पेरलेली ज्वारी

माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, परीक्षेचं वेळापत्रक शाळेच्या ग्रुपवर येऊन पडलं की पुण्यातल्या आमच्या घरातला हिवाळा संपतो. बाहेर थंडी असते, अंगावर स्वेटर असतात, पण मजा संपते. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं जातं, टीव्हीचा रिमोट कपाटात जातो आणि घरातली सगळी माणसं हळू आवाजात बोलायला लागतात. नेमक्या त्याच दिवसांत तिकडं परभणीच्या काळ्या रानात ज्वारीच्या कणसात दूध भरतं. या दोन गोष्टींचं जन्माचं वैर आहे, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

यंदाचं वेळापत्रक कालच आलं. त्याची प्रिंट काढून घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानात प्लास्टिकच्या डबीत भरलेला हुरडा दिसला. सोललेला, स्वच्छ आणि थंडगार. मला हसूच आलं. हुरडा ही डबीत ठेवायची वस्तूच नव्हे. तो विस्तवातून हातावर आणि हातावरून तोंडात जायचा. तळहात भाजला नाही तर हुरडा खाल्ला असं आमच्याकडं कुणी म्हणतच नाही. मी ती डबी परत ठेवली आणि तिथंच उभ्याउभ्या मला धुराचा वास आला, गोवऱ्यांचा, आणि त्याच्या मागून तांब्याच्या बंबाचा.

बंबाचं सांगायला हवं. मी मूळची मानवतची. वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. अकरावी-बारावीला त्यांनी मला परभणीत मुलींच्या वसतिगृहात ठेवलं आणि तिथं एका खोलीत मला शोभा आणि संघमित्रा भेटल्या. शोभा शेतकऱ्याची पोर, खणखणीत आवाजाची. संघमित्राचे वडील शिक्षक. ती पुस्तकातून मान वर काढायची ती फक्त वाद घालायला. हिवाळ्यात शोभाचे वडील एसटीनं यायचे, ओल्या पोत्यात गुंडाळलेली ज्वारीची कोवळी कणसं घेऊन. वसतिगृहात आम्हाला चूल कुठली मिळायला? पण अंघोळीच्या पाण्याचा बंब होता. पाणी तापवून झालं की त्याच्या पोटात निखारे उरायचे. आम्ही तिघी मुद्दाम अंघोळीला शेवटचा नंबर लावायचो आणि कणसं त्या निखाऱ्यांत खुपसायचो. शोभा भाजायची. संघमित्रा चोळायची, कारण तिचे हात घट्ट. मी फुंकून कोंडा उडवायचे आणि फुंकता फुंकता निम्मा हुरडा खायचे, असा त्या दोघींचा आरोप आहे. तो खोटा नाही. मग साबणाऐवजी धुराचा वास घेऊन आम्ही कॉलेजात जायचो आणि वर्गातल्या पोरी नाकं मुरडायच्या.

बारावीनंतर तिघी तीन वाटांना लागलो. शोभा लग्न होऊन पेडगावला गेली आणि शेतात अशी रमली की नवऱ्यापेक्षा जास्त रान तिलाच कळतं. संघमित्रा जिंतूरला शाळेत शिकवते. मी पुण्याला आले, नोकरीला लागले, विनयशी लग्न केलं. विनय कोकणातला, भाताच्या मुलखातला. ज्वारी त्याला दवाखान्यात सांगितलेल्या पथ्यासारखी वाटते. वडील निवृत्त झाल्यावर आई-वडील भावाकडं नाशिकला गेले आणि मानवतचं घर सुटलं. त्या दिवसापासून मला परभणी जिल्ह्यात जायला कारणच उरलं नाही. उरला तो शोभाचा दर हिवाळ्यातला फोन. "हुरडा आलाय गं, कवा येयलीस?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "बघते."

बघते हा शब्द मोठा सोयीचा. त्यात नकार नाही, त्यामुळं समोरचा रागावत नाही. होकार नाही, त्यामुळं आपण अडकत नाही. कधी मुक्ताची परीक्षा, कधी विनयचं ऑफिस, कधी संघमित्राला लागलेलं निवडणुकीचं काम. हुरडा म्हणजे चार-आठ दिवसांचा पाहुणा. दाण्यात दूध भरलं की तयार, जरा ऊन लागलं की निबर. त्याला आमच्या सवडीशी काय देणंघेणं?

मागच्या वर्षी मात्र मला भीती वाटायला लागली. आम्हा तिघींची नव्हे. आम्ही दहा वर्षांनी भेटलो तरी पहिल्याच वाक्याला भांडू शकतो. भीती होती ती पोरींची. शोभाची गौरी, संघमित्राची आर्या आणि आमची मुक्ता एकमेकींना फक्त फोनमधल्या फोटोत ओळखत होत्या. त्यांचं जुळलंच नाही तर? तर आम्ही तिघी म्हाताऱ्या होऊन फोनवर एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत बसणार, आणि आमच्या मागं मुक्ताला पेडगाव म्हणजे गाडी न थांबता जाते असं एक गाव, एवढंच ठाऊक राहणार. मानवतचं घर सुटलं तेव्हा मी रडले नव्हते. हे सुटलं तर रडेन, हे मला पक्कं कळत होतं.

त्यात आमची मुक्ता. तेव्हा बारा वर्षांची. शाळा बदलल्यापासून तिचा आवाज घशातच अडकला होता. तोंडी परीक्षेत सगळं येत असून मार्क जायचे, कारण बाईंना ऐकूच येत नसे. घरातसुद्धा दाराआडून बोलल्यासारखी बोलायची. अशा मुलीला मी अनोळखी मुलींसमोर नेऊन उभी करणार होते आणि वर तिनं मैत्री करावी अशी माझी अपेक्षा होती. विनय म्हणाला, तू तिच्यावर फार ओझं टाकतेयस. मी म्हटलं, ओझं कसलं, हुरडा खायला जायचंय. तो म्हणाला, कच्ची ज्वारी खायला कुणी रात्रभर प्रवास करतं का? मी बॅगा भरत राहिले.

शेवटचा पेपर झाला आणि त्याच संध्याकाळी आम्ही नांदेडकडं जाणाऱ्या गाडीत बसलो. माझं मन इतकं हवेत होतं की समोरच्या बाकावरच्या बाईंना मी न विचारता हुरड्याबद्दल सगळं सांगितलं. सकाळी मानवत रोड आलं तेव्हा मी दारातच जाऊन उभी राहिले. वेचून झालेल्या कापसाच्या पराट्या, करडईची पिवळी-केशरी फुलं, हरभऱ्याची ठेंगणी हिरवी रानं. पुण्यात माझं कुठल्याच रस्त्यावर असं होत नाही. इथं मला प्रत्येक बांध ओळखीचा वाटत होता, न पाहिलेलासुद्धा.

रूळ पेडगावच्या शिवारातून जातात आणि शोभाचं शेत रुळाला लागूनच आहे. तिनं बजावून ठेवलं होतं, कडुलिंबाचं झाड आणि विहीर दिसली की बघ, मी उभी असते. ती होती. लाल लुगडं नेसलेली, दोन्ही हात वर करून हलवणारी. मी मुक्ताला ओढून दाखवलं, दोघींनी हात हलवले, आणि मग मला शोभाच्या पाठीमागची ज्वारी दिसली. वाळलेली. कणसं पांढरी पडलेली, पानं करपलेली. शेजारच्या वावरात तर काढणी चालू होती. विनयनं विचारलं, हाच का तो हुरडा? मी बॅगा दाराकडं ओढायला लागले.

परभणी स्टेशनवर शोभाचे यजमान जीप घेऊन आले होते. पेडगावला पोचलो तर संघमित्रा आर्याला घेऊन जिंतूरहून आधीच आलेली, आणि मला बघताच तिचं पहिलं वाक्य, केस का कापलेस. पुढचा अर्धा तास तिघी एकाच वेळी बोलत होतो आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. खरं सांगते, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. विनयला सांगू नका.

पोरी मात्र तीन कोपऱ्यांत. आर्या दहा वर्षांची, बडबडी, पण समोरून उत्तर येईना म्हणून तीही गप्प झालेली. मुक्ताच्या कानात इयरफोन. आणि गौरी, मुक्ताच्याच वयाची, उन्हानं रापलेली, गळ्यात गोफण अडकवलेली. तिनं आम्हाला तांब्याभर पाणी आणून दिलं, मान हलवली आणि सरळ शेतात निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर पाहुण्यांचा आनंद शोधूनही सापडेना. मी मनात म्हटलं, झालं, हुरडाही गेला आणि पोरीही गेल्या.

शेतात जाताना वाळलेली ज्वारी दोन्ही बाजूंना खसखसत होती. माझ्यानं राहवेना. मी शोभाला म्हटलं, "आमी लय उशीर केला गं."

"तुमी कवा येळेवर आलात?" ती म्हणाली आणि पुढं चालत राहिली.

विहिरीला वळसा घातला आणि मी जागच्या जागी थबकले. मागं एक पट्टा होता, हिरवागार. कणसं भरलेली, वाकलेली, एक दाणा नखानं दाबला तर दूध आलं. गूळभेंडी ज्वारी, खास हुरड्याची. सगळ्या शिवाराचा रंग उडालेला असताना तेवढाच तुकडा हिरवा. मी बावळटासारखी त्या पट्ट्याकडं बघत राहिले. शोभा कणसं मोडायलाही लागली होती.

"सगळ्यांची पेरणी झाली की मागून एवढा पट्टा पेरते," ती म्हणाली. "तुझ्या पोरीची परीक्षा कवा संपायची, संघमित्राच्या शाळंला कवा सुट्टी, मला काय ठाऊक? कवाबी आलात तर कायतरी हिरवं असावं."

"यंदा पेरलास होय?"

"दरसाल पेरते की."

रोज चहा करते म्हणावं तसं म्हणाली. तिचे यजमान हसले. गावात म्हणे लोक त्यांना विचारतात, तुमच्या विहिरीमागं यंदा पण दिवाळीनंतर पेरणी का? मी मनातल्या मनात न आलेले हिवाळे आठवायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. फोनवर माझं बघते ऐकायचं, आणि इकडं येऊन पट्टा राखायचा. एका शब्दानं तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"अन् दरसाल मीच राखते," वरून आवाज आला.

पट्ट्याच्या मधोमध चार लाकडांवर बांधलेला माळा होता आणि त्यावर गौरी उभी होती. तिनं पुढं सगळं सांगून टाकलं. "समद्या शिवारातला दाणा निबर झाला की सगळी पाखरं ह्याच पट्ट्यावर येतेत. शाळंतून आलं की दप्तर टाकायचं अन् हितं चढायचं. मागल्या साली तर तुमी आलातच न्हाईत. शेवटी पाखरांनीच हुरडा केला."

शोभा तिच्यावर डाफरली, पाहुण्यांना असं बोलतात का. गौरी म्हणाली, खरं आहे तेच बोलले. आणि खरंच होतं. आमच्या तिघींच्या मैत्रीची राखण ही पोर करत होती, न विचारता तिच्या गळ्यात पडलेली. तिला आमचा राग येणार नाही तर काय होणार? मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या शेजारून मुक्ता काहीतरी पुटपुटली.

"काय?" गौरीनं विचारलं. तिला ऐकू गेलं नव्हतं.

मुक्तानं इयरफोन काढले. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "मग आत्ता कोण राखतंय? तू तर बोलत बसलीयेस."

गौरीनं वळून बघितलं. तिच्या पाठीमागं पोपटांचा अख्खा थवा पट्ट्यावर उतरला होता आणि निवांत जेवत होता. ती एवढ्यांदा ओरडली की मी दचकले. पोपट उठले, चक्कर मारून दुसऱ्या टोकाला बसले. गौरीनं मुक्ताकडं खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ये मग वर."

मुक्ता चढली. पांढरे बूट, पुण्याचं जॅकेट, आणि माळ्याची शिडी म्हणजे नुसतं खाचा पाडलेलं लाकूड. मी पुढं होणार तर संघमित्रानं माझा दंड धरला. तिचे हात अजून तितकेच घट्ट आहेत.

आम्ही लिंबाखाली आगटी पेटवली. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्या, वर राख. शोभा भाजायला बसली, संघमित्रा चोळायला, मी फुंकायला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. ज्या त्या जागेवर जाऊन बसलो. माळ्यावरून गौरीचं शिकवणं ऐकू येत होतं. मुक्ता बारीक आवाजात हा हा करायची आणि एक चिमणीसुद्धा उडत नव्हती. "ही पाखरं पुण्याची न्हाईत," गौरी सांगत होती, "असं लाडानं बोलून उठायची न्हाईत. पोटातून वरड." आर्याला राहवलं नाही; ती गोठ्यातून पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन पळाली.

आणि मग एक आवाज आला. लांब, उंच, रानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा. पोपट उठले, साळुंक्या उठल्या, विहिरीतली पारवी फडफडत बाहेर आली. शोभानं हातातलं कणीस तसंच धरून मान वर केली.

"कोण गं हे वरडायलंय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी फुंकणं सोडून उठलेच.

"मुक्ता," मी म्हणाले. "मपली मुक्ता."

मपली म्हणजे माझी. मानवत सुटल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता. विनयनं माझ्याकडं चमकून पाहिलं. मुलीच्या आवाजाचं त्याला नवल वाटलं की माझ्या, हे मी अजून विचारलेलं नाही. मी डोळे पुसले आणि धुरावर ढकललं.

त्यानंतर दुपार कशी गेली सांगता येत नाही. तिन्ही पोरींनी आळीपाळीनं शिवार डोक्यावर घेतलं. गौरीनं मुक्ताच्या हातात गोफण दिली, त्यात दगडाऐवजी मातीचं ढेकूळ, आणि नवशिक्याचं होतं तेच झालं: दोरी एका क्षणानं उशिरा सुटली, ढेकूळ पाखरांकडं न जाता उलटं मागं आलं आणि थेट आमच्या आगटीत पडलं. राखेचा लोट उठून विनयच्या दह्याच्या वाटीत बसला. विनयनं वाटीत बघितलं, वरची राख चमच्यानं बाजूला केली आणि दही खाल्लं. माळ्यावर तिघी एकमेकींवर कोसळून हसत होत्या आणि त्यात आमच्या मुक्ताचं हसणं सगळ्यात मोठं होतं.

हुरडा. गरम, हिरवट, गोड, दाताखाली चिकटणारा. बरोबर कारळाची चटणी, लसणाचं तिखट, गूळ, दही, मधूनच हरभऱ्याचे ढाळे. भाताच्या मुलखातला जावई मान खाली घालून खात राहिला आणि नंतर पाणी मागू लागला. हुरड्यावर पाणी नको म्हणून शोभानं त्याला ताकावर ताक पाजलं. "दाजी, ही कच्ची ज्वारी हाय म्हणं," ती म्हणाली. त्याचं बोलणं मी तिच्यापर्यंत पोचवलं होतं. तो म्हणाला, अजून एक कणीस द्या. माझे तळहात लाल झाले होते आणि फुंकता फुंकता निम्मा हुरडा मी खाल्ल्याचा आरोप पुन्हा झाला.

निघताना शोभानं ओल्या पोत्यात कणसं बांधून दिली, अगदी तिच्या वडिलांसारखी. मी तिला घट्ट धरलं. पुढच्या वर्षी नक्की असं म्हणणार होते; पण माझ्या शब्दाची किंमत मलाच माहीत होती, म्हणून नुसतं धरून ठेवलं. जीपमध्ये बसताना लिंबाखाली गौरी आणि मुक्ता डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलत होत्या. काय, ते ऐकू आलं नाही. आर्या मध्येच नाक खुपसून मान डोलावत होती.

पुढच्या तोंडी परीक्षेत बाईंना मुक्ताचं ऐकू गेलं. शेजारच्या वर्गालाही गेलं म्हणे.

तर यंदा. काल वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि बघितलं तर परीक्षा मागच्या वर्षीपेक्षा आणखी लांबलेली. माझं बोट शेवटच्या पेपरवर जाऊन थांबलं. तोवर शोभाचा पट्टासुद्धा निबर होणार. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू, या विचारात मी फोन हातात घेऊन उभी होते. मुक्ता दूध प्यायला आली आणि विचारती झाली, कुणाला लावतेयस? मी म्हटलं, शोभामावशीला, यंदा जमेलसं दिसत नाही.

"मावशीला कशाला?" ती म्हणाली. "पट्टा गौरीनं पेरलाय. दिवाळीतच तिनं मला परीक्षा कधी संपते ते विचारलं होतं. मी शाळेत बाईंना विचारून सांगितलं. त्या हिशेबानं तिनं पेरणी आणखी मागं ढकलली. आर्याचंही ठरलंय. पहिले दोन दिवस माळ्यावर मी, मग ती."

गेले कित्येक महिने या मुलीच्या खोलीतून मोठमोठ्यानं बोलण्याचे आवाज येत होते आणि मी अभ्यास कर म्हणून दार ठोठावत होते.

"तू येणार आहेस का?" तिनं विचारलं. मला. पेडगावला.

सवयीनं तोंडून निघून गेलं, "बघते."

मुक्तानं पेला ओट्यावर ठेवला, ओठांवरची दुधाची मिशी पुसली आणि माझ्या डोळ्यांत बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "बघते न्हाई. पाखरं थांबत न्हाईत, आई."

आज ऑफिसात गेल्या गेल्या आधी मी रजा टाकली.